सत्यनिष्ठ सॉक्रेटीस

युरोप खंडाच्या आग्नेय टोकास ग्रीस नावाचा एक लहानसा देश आहे. उंच डोंगरांनी विभागलेली भूमी, तिच्यात ठिकठिकाणी आत शिरलेला समुद्र आणि त्या समुद्रात विखुरलेली असंख्य बेटे असे त्याचे स्वरूप आहे. प्राचीन काळी या देशात एकछत्री राज्य नव्हते. डोंगरांच्या रांगांमुळे एकमेकांपासून अलग पडलेल्या खोऱ्यांतून लहानलहान नगरराज्ये वसलेली होती. प्रत्येकाचे कायदे निराळे, सैन्य निराळे आणि नाणीही निराळी असत. मात्र या सर्वांची भाषा एक होती, देवदेवता एक होत्या आणि ऑलिंपियाच्या क्रीडामहोत्सवास सर्व नगरांचे ग्रीक लोक एकत्र जमत. या नगरराज्यांत स्पार्टा आणि अथेन्स ही दोन प्रमुख होत. स्पार्टाची ख्याती शस्त्रबळासाठी होती; अथेन्सची ख्याती आरमार, व्यापार, कला आणि विद्या यांसाठी होती. या अथेन्स नगरात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सॉक्रेटीस नावाचा थोर तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याने आयुष्यात एकही ग्रंथ लिहिला नाही. तरी त्याचे चरित्र आज जगातील अनेक भाषांत आदराने वाचले जाते.

अथेन्सची राज्यपद्धती त्या काळी मोठी नवलाची होती. तेथे राजा नव्हता. नगरातील प्रौढ पुरुष नागरिक प्निक्स नावाच्या टेकडीवर सभेसाठी जमत आणि युद्ध, तह व कायदे यांविषयीचे निर्णय बहुमताने घेत. सभेपुढे येणाऱ्या कामाची तयारी करण्यासाठी ५०० सभासदांचे एक मंडळ असे. त्याचे सभासद दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, त्यामुळे साध्या कुंभारावर किंवा शेतकऱ्यावरही राज्यकारभाराची जबाबदारी येऊ शके. न्यायदानाचे कामही अशाच रीतीने निवडलेले शेकडो नागरिक एकत्र बसून करीत. तथापि या लोकसत्तेला मोठ्या मर्यादा होत्या. स्त्रियांना मत देण्याचा अधिकार नव्हता. बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेल्यांना तो नव्हता. आणि ज्यांच्या श्रमांवर घरे, खाणी व कारखाने चालत, त्या गुलामांना तर कोणताच अधिकार नव्हता.

सॉक्रेटीसचा जन्म इ. स. पू. ४७० च्या सुमारास अथेन्स येथे झाला. त्याचा पिता सोफ्रोनिस्कस हा पाथरवट होता असे सांगतात. आई फेनारेटी ही सुईणीचे काम करी. त्याच्या जन्मापूर्वी सुमारे दहा वर्षे, म्हणजे इ. स. पू. ४८० मध्ये, इराणच्या बलाढ्य सम्राटाने ग्रीसवर स्वारी केली होती आणि सालामिसच्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने त्या स्वारीचा धुव्वा उडवला होता. या विजयात अथेन्सचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे सॉक्रेटीसचे बालपण व तारुण्य अथेन्सच्या वैभवाच्या दिवसांत गेले. पेरिक्लीझ या विचक्षण नेत्याच्या कारकिर्दीत, इ. स. पू. ४४७ मध्ये, ॲक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉन मंदिराच्या बांधकामास आरंभ झाला. पांढऱ्या संगमरवराचे ते भव्य स्तंभ उभे राहताना पाथरवटाच्या या मुलाने पाहिले असतील. नगरात नाटकांचे उत्सव होत, दूरदूरचे पंडित येत आणि गल्लोगल्ली नवनव्या विचारांची चर्चा चाले.

सॉक्रेटीस दिसावयास मुळीच सुंदर नव्हता. बसके नाक, बटबटीत डोळे, जाड ओठ आणि पुढे आलेले पोट असे त्याचे ध्यान होते. सौंदर्याचे भोक्ते असलेले अथेन्सवासी त्याच्या रूपाची थट्टा करीत आणि तोही त्या थट्टेत मोकळेपणाने सामील होई. उन्हाळा असो वा हिवाळा, एका जाड्याभरड्या वस्त्रावर आणि बहुधा अनवाणी पायांनी तो हिंडे. त्याच्या पत्नीचे नाव झँथिपी होते आणि त्यांना तीन मुलगे होते. घरची स्थिती गरिबीची होती. त्या काळी सोफिस्ट नावाचे फिरते शिक्षक श्रीमंतांच्या मुलांना वक्तृत्व शिकवून भरपूर द्रव्य मिळवीत. सॉक्रेटीसने मात्र आपल्या संभाषणाबद्दल कोणाकडून एक नाणेही घेतले नाही.

हा साधा माणूस रणांगणावर कसा होता, हेही अथेन्सने पाहिले होते. पॉटिडीआ येथील मोहिमेत कडाक्याच्या थंडीत इतर सैनिक पायांना लोकर व कातडी गुंडाळून चालत असता हा बर्फावरून अनवाणी चाले. त्याच मोहिमेत एके दिवशी पहाटे एका विचारात गढून तो जागच्या जागी उभा राहिला, तो दुपार झाली तरी हलेना. संध्याकाळी काही सैनिकांनी आपली अंथरुणे बाहेर आणली आणि हा रात्रभर असाच उभा राहतो काय, ते पाहत ते पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर त्याला वंदन करून सॉक्रेटीस तेथून निघून गेला. तेथल्याच एका चकमकीत अल्सिबायडीझ नावाचा तरुण सरदार जखमी होऊन पडला असता सॉक्रेटीसने त्याला शस्त्रांसह वाचवले. आणि शौर्याचे पारितोषिक देण्याची वेळ आली तेव्हा ते त्या तरुणाला मिळावे असा आग्रह धरला. पुढे इ. स. पू. ४२४ मध्ये डीलियम येथे अथेन्सच्या सैन्याचा पराभव होऊन पळापळ झाली. त्या गोंधळात लॅकीस या सेनापतीसह सॉक्रेटीस चोहीकडे शांतपणे पाहत पाऊल टाकीत मागे आला. त्याची ती धिमी चाल पाहून शत्रूने त्याच्या वाटेस जाण्याचे टाळले.

सॉक्रेटीसच्या जीवनाला विशिष्ट वळण लागले ते एका देववाणीमुळे. डेल्फाय येथे अपोलो देवाचे प्रसिद्ध मंदिर होते. तेथील पुजारीण कौल सांगे व सारे ग्रीक तो प्रमाण मानीत. सॉक्रेटीसचा बालमित्र केरेफॉन याने तेथे जाऊन सॉक्रेटीसपेक्षा शहाणा असा कोणी आहे काय, असा प्रश्न केला. तसा कोणी नाही, असे उत्तर आले. हे ऐकून सॉक्रेटीसला आनंद होण्याऐवजी कोडे पडले. आपल्याला फारसे काही कळत नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. आणि देव असत्य बोलेल असेही त्याला वाटेना. म्हणून शहाणे गणलेल्या लोकांकडे जाऊन या कौलाचा अर्थ शोधण्याचे त्याने ठरवले. तो राजकारणी पुरुषांकडे गेला, कवींकडे गेला, कारागिरांकडे गेला. राजकारणी पुरुषांना न्याय म्हणजे काय हे सांगता येईना. कवींना आपल्याच काव्याचा अर्थ उलगडून दाखवता येईना. कारागिरांना आपली कला उत्तम येत होती. पण तेवढ्यावरून जगातील इतर सर्व मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असा त्यांचा समज झाला होता. तेव्हा सॉक्रेटीसला त्या कौलाचा अर्थ उमगला. इतरांना आपले अज्ञान ठाऊक नाही आणि आपल्याला ते ठाऊक आहे, एवढाच आपला शहाणपणा, असे त्याने मानले. तेव्हापासून लोकांना त्यांच्या अज्ञानाची जाणीव करून देणे आणि सद्गुणांचा विचार करावयास लावणे हे आपले देवदत्त कार्य आहे, अशी त्याची श्रद्धा बसली.

तो रोज अगोरात, म्हणजे नगराच्या बाजारचौकात, जाई. सराफाच्या पेढीजवळ, व्यायामशाळेत, कोणाच्या ओसरीवर, जेथे माणसे भेटतील तेथे तो थांबे आणि प्रश्न विचारी. त्याची पद्धत कशी होती हे त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे. एकदा लॅकीस या सेनापतीला त्याने शौर्य म्हणजे काय, असे विचारले. रांगेतील आपली जागा न सोडता शत्रूशी लढणे म्हणजे शौर्य, असे सेनापतीने तत्काळ सांगितले. त्यावर सॉक्रेटीसने विचारले, की सिथियन घोडेस्वार मागे पळता पळता बाण सोडतात, ते शूर नव्हेत काय? प्लाटीआच्या लढाईत स्पार्टन सैनिक आधी मागे हटले आणि मग उलटून त्यांनी इराण्यांना जिंकले, ते शूर नव्हते काय? शिवाय आजारपणात, दारिद्र्यात आणि संकटातही माणसे शौर्य दाखवतात, त्याचे काय? सेनापतीने आपली व्याख्या बदलली; पण तीही टिकेना. ज्याने सारा जन्म रणांगणावर काढला, त्याला शौर्य शब्दाचा अर्थ सांगता येऊ नये याचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

दुसरा प्रसंग एका गुलाम मुलाचा आहे. मेनो नावाच्या श्रीमंत पाहुण्याच्या या सेवकाला भूमिती कोणी शिकवली नव्हती. सॉक्रेटीसने जमिनीवर दोन फूट बाजूचा एक चौरस काढला आणि त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती असेल, असे त्याला विचारले. बाजू दुप्पट करावी, असे मुलाने आत्मविश्वासाने सांगितले. सॉक्रेटीसने आकृती पूर्ण केली. बाजू चार फूट घेताच क्षेत्रफळ आठ न होता सोळा चौरस फूट झाले. मुलाने मग तीन फूट सांगितले, तर क्षेत्रफळ नऊ झाले. आता आपल्याला उत्तर येत नाही, हे मुलाने कबूल केले. सॉक्रेटीसच्या मते ही मोठीच प्रगती होती. कारण चुकीचे उत्तर घट्ट धरून बसलेल्यापेक्षा आपली चूक ओळखणारा सत्याच्या अधिक जवळ असतो. मग सॉक्रेटीसने मोठ्या चौरसातील चारही लहान चौरसांचे कर्ण जोडले. प्रत्येक लहान चौरसाचा बरोबर अर्धा भाग आत राहिला आणि तिरपा असा एक नवा चौरस तयार झाला. सोळाचे अर्धे आठ. मूळ चौरसाचा कर्ण हीच दुप्पट चौरसाची बाजू, हे त्या मुलाने केवळ प्रश्नांची उत्तरे देत देत स्वतःच ओळखले. ज्याला समाज माणसात गणीत नव्हता, त्याच्याही ठिकाणी विचार करण्याची शक्ती पुरेपूर आहे, हे त्या आकृतीने दाखवून दिले. आपली आई बालकांना जन्म देण्यास साहाय्य करते, तसे आपण विचारांना जन्म देण्यास साहाय्य करतो, असे सॉक्रेटीस म्हणत असे.

असे कार्य करणाऱ्यास मित्र मिळतात, तसे शत्रूही मिळतात. चारचौघांत ज्यांचे अज्ञान उघडे पडे, ते प्रतिष्ठित लोक मनात अढी धरून घरी जात. त्यातच तरुण मुले सॉक्रेटीसचे अनुकरण करून आपल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागली. इ. स. पू. ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराने रंगभूमीवर त्याला टोपलीत बसवून अधांतरी टांगलेला दाखवले आणि खोट्याचे खरे करावयास शिकवणारा भोंदू म्हणून त्याची टवाळी केली. लोक पोट धरून हसले. परंतु हसता हसता अनेकांच्या मनात त्याच्याविषयी गैरसमजही रुजला.

या सुमारास अथेन्सचे भाग्य पालटू लागले होते. इ. स. पू. ४३१ मध्ये स्पार्टा व अथेन्स यांच्यात दीर्घ युद्ध जुंपले. पुढल्याच वर्षी नगरात भयंकर साथ पसरली आणि काही काळाने तिनेच पेरिक्लीझचाही बळी घेतला. युद्ध सत्तावीस वर्षे चालले. पराभवांनी, भीतीने आणि संशयाने लोकांची मने कडवट झाली. सॉक्रेटीसच्या सत्यनिष्ठेची खरी कसोटी याच काळात लागली आणि ती एकदा नव्हे, तीन वेळा लागली.

पहिली कसोटी इ. स. पू. ४०६ मध्ये लागली. आर्जिन्यूसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने मोठा विजय मिळवला. परंतु लढाईत अथेन्सची २५ जहाजे गेली होती आणि त्यांवरील माणसांना वाचवण्यापूर्वीच वादळ उठले. शेकडो खलाशी बुडाले. नगरात शोकाचा व संतापाचा कल्लोळ उडाला. त्या वेळच्या सेनापतींपैकी जे सहा परत आले होते, त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला आणि सर्वांचा निवाडा एकाच मताने करावा, अशी मागणी पुढे आली. प्रत्येक आरोपीची चौकशी स्वतंत्र झाली पाहिजे, असा अथेन्सचा कायदा होता. सॉक्रेटीस त्या वर्षी पाचशेंच्या मंडळाचा सभासद होता आणि सभेचे संचालन करण्याची पाळी त्याच्या गटावर आली होती. त्याच्या काही सहकाऱ्यांनीही प्रथम हरकत घेतली. पण सभेतून आरोळ्या उठल्या, अटकेच्या धमक्या आल्या आणि एकेक जण माघार घेऊ लागला. सॉक्रेटीस एकटा उभा राहिला. कायद्याविरुद्ध असलेला ठराव आपण सभेपुढे ठेवू देणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. त्याचे कोणी ऐकले नाही. सहाही सेनापतींना देहान्ताची शिक्षा झाली. त्यांत पेरिक्लीझचा मुलगाही होता. पुढे राग ओसरल्यावर अथेन्सला पश्चात्ताप झाला. परंतु गेलेले जीव परत आले नाहीत.

दुसरी कसोटी याहून कठीण होती. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सचा पूर्ण पराभव झाला. नगराचे तट पाडण्यात आले आणि स्पार्टाच्या पाठबळाने तीस पुरुषांची जुलमी राजवट सुरू झाली. या तिसांचा पुढारी क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटीसच्या सहवासात वावरलेला होता. त्यांनी लोकसत्तेच्या कैवाऱ्यांना ठार केले आणि धनिकांची संपत्ती लुटली. आपल्या पापात प्रतिष्ठित नागरिकांना सामील करून घ्यावे म्हणून त्यांनी सॉक्रेटीसला व इतर चौघांना बोलावून सालामिसहून लिऑन नावाच्या गृहस्थास पकडून आणण्याची आज्ञा केली. त्याला ठार मारावयाचे होते, हे उघड होते. इतर चौघे सालामिसला गेले. सॉक्रेटीस काही न बोलता सरळ आपल्या घरी गेला. ही राजवट लवकरच कोसळली, म्हणूनच तो वाचला. नाहीतर या अवज्ञेबद्दल त्याला त्याच वेळी प्राण द्यावे लागले असते. पहिल्या वेळी तो लोकांच्या कोपापुढे वाकला नाही. दुसऱ्या वेळी जुलमी सत्तेपुढे वाकला नाही. दोन्ही वेळा त्याने एकच गोष्ट पाहिली, की आपल्या हातून अन्याय घडता कामा नये.

लोकसत्ता पुन्हा स्थापन झाली. परंतु नगराची जखम भरली नव्हती. अल्सिबायडीझने युद्धकाळात शत्रूला जाऊन मिळण्याचे कृत्य केले होते आणि क्रिटियसने तर नगरात रक्ताचे पाट वाहवले होते. हे दोघेही सॉक्रेटीसच्या मंडळीत बसलेले होते, हे लोक विसरले नव्हते. इ. स. पू. ३९९ मध्ये मेलेटस नावाच्या तरुणाने ॲनिटस व लायकॉन यांच्या साहाय्याने सॉक्रेटीसवर फिर्याद केली. नगराच्या देवांना तो मानीत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप त्यात होते. सॉक्रेटीस त्या वेळी सत्तर वर्षांचा होता.

सुमारे पाचशे नागरिक न्यायासनावर बसले. अथेन्सच्या न्यायालयात वकील नसत. ज्याने त्याने आपली बाजू आपणच मांडावी, असा नियम होता. एका भांड्याच्या छिद्रातून पाणी गळून जाईपर्यंत बोलण्याची मुभा मिळे. आरोपी बहुधा बायकामुलांना पुढे उभे करीत आणि अश्रू ढाळून दया मागत. सॉक्रेटीसने तसे काही केले नाही. न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणे निर्णय द्यावा, दयेपोटी देऊ नये, असे त्याचे मत होते. प्रश्न विचारण्याचे थांबवण्याच्या अटीवर सुटका मिळत असेल तर ती आपल्याला नको, असेही त्याने सांगितले. सुस्त झालेल्या मोठ्या घोड्याला गोमाशी जशी चावून जागे ठेवते, तसा मी या नगराला जागे ठेवतो, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. मते मोजली गेली आणि तो दोषी ठरला. अवघी तीस मते दुसऱ्या बाजूस गेली असती, तर तो सुटला असता.

मग शिक्षेचा प्रश्न आला. फिर्यादींनी मृत्यूची मागणी केली. आरोपीने दुसरी शिक्षा सुचवावयाची, असा नियम होता. सॉक्रेटीसने हद्दपारी सुचवली असती, तर ती बहुधा मान्य झाली असती. परंतु आपण नगराचे हितच केले आहे. तेव्हा ऑलिंपिक विजेत्यांप्रमाणे आपल्याला सरकारी खर्चाने भोजन मिळावे, हेच योग्य ठरेल, असे तो म्हणाला. अखेरीस मित्रांच्या आग्रहावरून त्यांच्या हमीवर तीस मिना दंड देण्याची तयारी त्याने दाखवली. न्यायाधीश अधिकच चिडले आणि त्याला देहान्ताची शिक्षा सांगण्यात आली.

शिक्षा लगेच अमलात आली नाही. थीसियस या प्राचीन वीराच्या स्मरणार्थ अथेन्सहून दरवर्षी एक पवित्र जहाज डीलॉस बेटास जाई आणि ते परत येईपर्यंत नगरात कोणाचाही वध करीत नसत. ते जहाज नुकतेच निघाले होते. त्यामुळे सॉक्रेटीसला सुमारे एक महिना बंदिवासात काढावा लागला. येथे त्याची तिसरी कसोटी लागली. या वेळी समोर शत्रू नव्हते, जिवलग मित्र होते. एके दिवशी पहाटे त्याचा म्हातारा मित्र क्रायटो तुरुंगात आला. सॉक्रेटीस गाढ झोपला होता. क्रायटो त्याच्या उशाशी बराच वेळ मुकाट्याने बसून राहिला. जागे झाल्यावर त्याने सर्व सांगितले. पहारेकऱ्यांची तजवीज झाली होती, पैसा तयार होता, थेसली प्रांतात आश्रयाचे ठिकाणही ठरले होते. निदान मुलांसाठी तरी त्याने पळून जावे, अशी क्रायटोने परोपरीने विनवणी केली.

सॉक्रेटीसने रागावून नकार दिला नाही. नेहमीप्रमाणे त्याने मित्राबरोबर त्या प्रश्नाचा विचार केला. समजा, आपण पळून जाऊ लागलो आणि या नगराचे कायदे वाटेत उभे राहून बोलू लागले, तर ते काय विचारतील? त्यांच्याच छत्राखाली आपले आईबाप एकत्र आले, आपला जन्म झाला, आपले शिक्षण झाले. ते पसंत नव्हते तर सत्तर वर्षांत केव्हाही हे नगर सोडून जाण्याची मोकळीक होती. आपण गेलो नाही. म्हणजे ते पाळण्याचे वचनच दिले. आता निकाल विरुद्ध गेला म्हणून ते वचन मोडावयाचे काय? अन्याय केला तो माणसांनी. त्याचा सूड कायद्यांवर कसा उगवावा? जो न्यायाच्या गोष्टी जन्मभर सांगत आला, त्याने वेषांतर करून रात्री पळ काढला, तर त्याच्या शिकवणीचे मोल ते काय राहील? क्रायटोजवळ याचे उत्तर नव्हते. अन्यायाची आज्ञा सॉक्रेटीसने कधी पाळली नाही. आणि आपल्यावर अन्याय झाला म्हणून त्याने उलट अन्यायही केला नाही. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, हे त्याचे तत्त्व होते आणि त्याची किंमत तो आता देत होता.

जहाज परत आले. अखेरच्या दिवशी त्याचे मित्र तुरुंगात जमले. आत्मा अमर आहे काय, याविषयी दिवसभर बोलणे चालले. शंका काढणाऱ्यांना सॉक्रेटीस नेहमीसारखेच उत्तेजन देत होता. सायंकाळी त्याने स्नान केले. मागाहून स्त्रियांना प्रेताला स्नान घालण्याचे कष्ट पडू नयेत, हा त्याचा हेतू होता. मग त्याने मुलांचा व घरच्या स्त्रियांचा निरोप घेतला. शिक्षेची वेळ झाल्याचे सांगावयास आलेला तुरुंगाचा कामगार त्याच्या सौजन्याची आठवण काढून रडत बाहेर गेला. हेमलॉक नावाच्या वनस्पतीचे विष भरलेला पेला आणण्यात आला. सॉक्रेटीसने तो हाती घेतला, देवांची प्रार्थना केली आणि चेहऱ्यावरची रेघही न हलू देता तो पिऊन टाकला. इतका वेळ आवरून धरलेले मित्रांचे अश्रू आता अनावर झाले. त्यांनाच त्याने धीर दिला. पाय जड होईपर्यंत तो फेऱ्या मारीत राहिला. मग उताणा निजला. बधिरपणा पायांकडून वर चढत गेला. एस्क्लीपियस या आरोग्यदेवतेला एक कोंबडा देणे राहिले आहे, तेवढे विसरू नये, असे त्याने क्रायटोला बजावले. काही क्षणांतच त्याची प्राणज्योत मालवली.

सॉक्रेटीसचा तरुण शिष्य प्लेटो त्या दिवशी आजारी असल्यामुळे तेथे नव्हता. परंतु गुरूचे संभाषण विस्मृतीत जाऊ नये म्हणून त्याने आपले सारे आयुष्य वेचले. त्याने लिहिलेल्या संवादांतूनच आज आपल्याला सॉक्रेटीस मुख्यतः कळतो. झेनोफन या दुसऱ्या शिष्यानेही त्याच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. पुढे प्लेटोने अथेन्समध्ये अकादमी नावाची विद्यापीठासारखी संस्था स्थापन केली. ॲरिस्टॉटल हा तेथलाच विद्यार्थी. आजही विद्वानांच्या संस्थांना आपण अकादमी म्हणतो, तो शब्द तेथून आला.

सॉक्रेटीसची ही कथा भारतातही पोचली. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाचा लढा चालू असता महात्मा गांधींनी १९०८ मध्ये सॉक्रेटीसच्या न्यायालयातील भाषणाचा सारांश गुजराती भाषेत लिहून आपल्या वृत्तपत्रात प्रसिद्ध केला आणि त्याला सत्यवीर म्हटले. १९१० मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. मृत्यूनंतर तेवीस शतके लोटली, तरी सॉक्रेटीसच्या प्रश्नांची सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटत होती, असाच याचा अर्थ होतो.

आपले मत खरे आहे असे वाटले तरी ते एकदा तपासून पाहावे, चूक दिसली तर ती मोकळ्या मनाने कबूल करावी, आणि जे तपासून खरे ठरले त्यापासून लोकांच्या भीतीने, सत्तेच्या धाकाने किंवा मित्रांच्या प्रेमानेही ढळू नये, हे सॉक्रेटीसने अथेन्सच्या बाजारचौकात शिकवले आणि तुरुंगात आचरून दाखवले.